चांगल्या पक्कडीची पारख: आधी सांधा, मग धार, शेवटी मूठ

महागडी पक्कड हातात आली की मी सर्वांत आधी तिचा सांधा पाहतो, त्यानंतर धार, आणि मूठ व चकाकी यांच्याकडे अगदी शेवटी वळतो. पक्कड म्हणजे एकाच खिळीभोवती फिरणाऱ्या दोन तरफा. हाताने लावलेला सगळा जोर त्या खिळीतून जातो आणि तिथून जबड्यापर्यंत पोहोचतो. सांधा नीट बसलेला नसेल, तर पोलाद कितीही उत्तम असले, धार कितीही काळजीने लावलेली असली आणि मूठ कितीही मऊ असली, तरी ती पक्कड थोड्याच दिवसांत हाताला नकोशी होते. पक्कडीचा दर्जा मोजमापाच्या उपकरणाशिवाय, दहा-पंधरा मिनिटांत बऱ्याच अंशी ओळखता येतो. त्यासाठी लागतो तो भरपूर उजेड, पातळ कागदाचा एक तुकडा, तांब्याची थोडी तार आणि घाई न करण्याची तयारी.

सांध्याची परीक्षा

नेहमीच्या पक्कडीत दोन्ही भाग मधोमध निम्म्या जाडीपर्यंत खाचलेले असतात, ते एकमेकांवर बसवून त्यांतून एक रिवेट ठोकलेली असते. दुसऱ्या प्रकारात एका भागाला आरपार खाच असते आणि दुसरा भाग त्या खाचेतून ओवलेला असतो. याला बॉक्स जॉइंट म्हणतात. परंपरेने असा सांधा करताना खाचेचा भाग तापवून रुंद केला जातो, दुसरा भाग आत सरकवला जातो आणि मग खाच पुन्हा दाबून बसवली जाते. आतल्या भागाला दोन्ही अंगांनी आधार मिळत असल्यामुळे पक्कड पिळली तरी जबडे एकमेकांवरून सहसा घसरत नाहीत. हे काम कष्टाचे असते आणि त्याचा खर्च किमतीत दिसतो. तरीही केवळ बॉक्स जॉइंट आहे म्हणून पक्कड श्रेष्ठ ठरत नाही. नीट घासून जुळवलेला साधा सांधा हा घाईघाईत केलेल्या बॉक्स जॉइंटपेक्षा नक्कीच चांगला.

परीक्षा अशी करावी. स्प्रिंग नसलेली पक्कड उभी धरून एकच दांडा हातात ठेवावा आणि दुसरा सोडून द्यावा. तो आपल्या वजनाने, एकाच संथ गतीने खाली यायला हवा. मध्ये कुठे अडकला, किंवा ठराविक जागी झटका देऊन पुढे गेला, तर सांध्याचे पृष्ठभाग सपाट घासलेले नाहीत असे समजावे. अगदी नवी पक्कड गंजरोधक तेलामुळे थोडी जड चालू शकते, म्हणून ती आधी वीस-तीस वेळा उघडून मिटून घ्यावी. त्यानंतर जबडे अर्धवट उघडून त्यांची टोके दोन्ही हातांच्या बोटांत धरावीत आणि एक आपल्याकडे, दुसरे आपल्यापासून दूर असे हलवून पाहावे. ही हालचाल उघडझाप करण्याच्या दिशेची नाही, तर खिळीच्या दिशेची आहे, हे लक्षात असू द्यावे. इथे जाणवणारी प्रत्येक ‘टक्’ पुढे त्रास देणार असते. लांब नाकाच्या पक्कडीत तर सांध्यातली बारीकशी मोकळीक टोकाशी कितीतरी पटींनी वाढते. सांध्याच्या 15 मिलिमीटर रुंदीत 0.05 मिलिमीटरची मोकळीक असेल, तर 60 मिलिमीटर लांब नाकाच्या टोकाशी ती 0.2 मिलिमीटर होते, आणि केसाइतकी बारीक तार धरताना एवढा फरक पुरेसा असतो.

या बाबतीत मी स्वतः एकदा चांगलाच फसलो होतो. लांब नाकाची, आरशासारखी चमकणारी एक पक्कड मी घेतली. दुकानात तिचा सांधा इतका घट्ट आणि मखमली चालत होता की मी पुढे काही तपासलेच नाही. घरी आणून रॉकेलने धुतल्यावर तोच सांधा डुगडुगू लागला, कारण सांध्यात भरलेल्या जाड ग्रीसने सगळी ढिलाई झाकली होती. तेव्हापासून सांध्याच्या फटीतून जाड ग्रीस बाहेर डोकावत असेल तर मी ते कापडाने पुसतो, पक्कड बराच वेळ चालवतो आणि मगच मत बनवतो. ढिला झालेला रिवेट हातोडीने ठोकून घट्ट करण्याचा सल्ला अनेक जण देतात. त्याने सांधा एका जागी आवळतो आणि दुसऱ्या जागी सैलच राहतो, म्हणून नव्या पक्कडीच्या बाबतीत हा उपाय करूच नये. ती सरळ परत करावी.

नजरेनेही बरेच कळते. दोन भागांमधली रेष दोन्ही बाजूंनी सारखी आणि केसासारखी बारीक असावी. रिवेटचे डोके आजूबाजूच्या पोलादाशी इतके एकजीव घासलेले असावे की त्यावरून नख फिरवले तर ते अडू नये. इलेक्ट्रॉनिक्सच्या बारीक पक्कडींत रिवेटऐवजी स्क्रूचा सांधाही आढळतो. तो पुढे गरजेप्रमाणे आवळता येतो, ही त्याची सोय आहे.

धार

पक्कड मिटून उजेडासमोर धरली की कापणाऱ्या धारांमधून प्रकाश दिसतो का, हे पाहावे. पूर्ण लांबीत प्रकाशाची रेष नसणे उत्तम. एका टोकाला फट आणि दुसऱ्या टोकाला स्पर्श असेल, तर तार पूर्ण तुटणार नाही आणि एखादा तंतू लोंबत राहील. कॉम्बिनेशन पक्कडीत, म्हणजे धरण्याचा जबडा आणि कापण्याची धार एकत्र असलेल्या पक्कडीत, आणखी एक गोष्ट पाहावी लागते. जबड्याची टोके आधी घट्ट टेकली आणि धारा उघड्याच राहिल्या, तर कापण्याचा सगळा जोर टोकांवर वाया जातो. उलट, धारा टेकल्यावर टोकांत मोठी फट उरली, तर पातळ वस्तू धरता येत नाही. या दोन्हींचा मेळ घालणे हेच घासणाऱ्या कारागिराचे कसब. टोकांशी अगदी बारीक आणि सर्वत्र सारखी फट राहिली तर मी ती दोष मानत नाही, पण तिरकी फट दिसली तर मात्र मी ती पक्कड बाजूला ठेवतो.

यानंतर कागदाची परीक्षा. पातळ कागद धारेच्या टोकाशी, मध्यभागी आणि सांध्याजवळ असा तीन ठिकाणी कापून पाहावा. चांगली धार तिन्ही ठिकाणी कागद स्वच्छ कापते, आणि ज्या जागी ती नुसतीच चेपते तिथे कागदावर पांढरट वळ उमटतो. कागद कापला जाणे म्हणजे धार टिकाऊ आहे असे नव्हे, परंतु कागदसुद्धा न कापणारी नवी पक्कड घेण्याचे काहीच कारण नाही.

आता तांब्याची तार कापून तिचे टोक जवळून पाहावे. दोन्ही बाजूंनी उतार असलेल्या साध्या धारेने कापल्यास टोकाला घराच्या छपरासारखा आकार येतो, मध्ये आडवी कड आणि दोन्ही बाजूंना उतार. ही कड बरोबर मध्यभागी असेल, तर दोन्ही धारा एकमेकींसमोर नेमक्या येतात असे समजावे. ती एका बाजूला सरकलेली असेल, किंवा एका उतारावर ओरखडे व चेपल्याच्या खुणा असतील, तर एक धार दुसरीवरून घसरते आहे. याउलट सपाट कापणाऱ्या पक्कडीने तारेचे टोक जवळजवळ सपाट येते, ते सर्किट बोर्डावर उठून दिसत नाही आणि बोटाला टोचत नाही. मात्र या धारेमागे पोलाद कमी असते, त्यामुळे ती नाजूक असते आणि फक्त मऊ तारेसाठीच वापरायची असते. पोलादी तार अशा धारेने कापली की तिला खांडे पडतात, आणि त्याचा दोष मग पक्कडीवर जातो.

उत्तम पक्कडीसोबत कापण्याच्या क्षमतेचा तक्ता दिलेला असतो. मऊ तार, मध्यम कठीण तार, कठीण तार आणि पियानोची तार अशा वर्गांप्रमाणे कमाल व्यास त्यात लिहिलेला असतो. 180 मिलिमीटरच्या दर्जेदार कॉम्बिनेशन पक्कडीला मध्यम कठीण तारेसाठी साधारण 3 मिलिमीटर आणि कठीण तारेसाठी 2 मिलिमीटरच्या आसपास मर्यादा असते. तार कापायला लागणारा जोर ढोबळमानाने व्यासाच्या वर्गाच्या (व्यास गुणिले व्यास) प्रमाणात वाढतो, म्हणजे 2 मिलिमीटरऐवजी 3 मिलिमीटरची तार कापताना तो सव्वादोन पट होतो. ज्या पक्कडीच्या माहितीत असा तक्ताच नाही, नुसतेच ‘कठीण तार कापते’ असे विधान आहे, तिच्याकडे मी साशंकतेने पाहतो.

हाच जोर रचनेने कसा कमी होतो, तेही पाहण्यासारखे आहे. हात खिळीपासून 100 मिलिमीटरवर असेल आणि धार 20 मिलिमीटरवर, तर जोर पाचपट होतो. धार खिळीच्या आणखी जवळ, 12 मिलिमीटरवर आणली, तर तोच हात आठपटींहून अधिक जोर देतो. म्हणूनच जास्त ताकदीच्या कटरमध्ये सांधा धारेला अगदी चिकटून असतो. काही रचनांत दोन सांधे देऊन तरफ आणखी वाढवतात, पण मग जबडा कमी उघडतो आणि मुठीचा प्रवास वाढतो.

पोलाद आणि पाणी

चांगली पक्कड घडीव असते. तापलेले पोलाद साच्यात जबरदस्त दाबाने घडवल्यामुळे त्याची पोत पक्कडीच्या आकाराबरोबर वळते, आणि मानेसारख्या पातळ भागाला त्यामुळे बळ येते. हलक्या पक्कडी ओतीव असू शकतात. जबड्याच्या आतल्या कोपऱ्यांत बारीक छिद्रे किंवा वाळूच्या खडबडीतपणासारखा पृष्ठभाग दिसला तर तशी शंका घ्यावी. पोलादात साधारण 0.45 टक्के कार्बन असलेला प्रकार बराच वापरला जातो, तर वरच्या दर्जाच्या पक्कडींत क्रोम-व्हॅनेडियम पोलाद असते. पण पक्कडीवर क्रोम-व्हॅनेडियम असे कोरलेले असले म्हणून लगेच भाळू नये, कारण पोलादाला पाणी कसे दिले आहे, म्हणजे ते तापवून आणि थंड करून कसे कठीण केले आहे, यावर सगळे अवलंबून असते.

इथे एक विरोध सांभाळावा लागतो. धार कठीण हवी, नाही तर तारेने तिला खाचा पडतात. अंग मात्र चिवट हवे, नाही तर ते ताण पडताच तडकते. त्यामुळे आधी सगळ्या पक्कडीला पाणी देऊन ती तेलात किंवा भट्टीत थोडी नरम केली जाते आणि नंतर फक्त धारेची अरुंद पट्टी विजेच्या कुंडलाने क्षणभर तापवून वेगळी कठीण केली जाते. दर्जेदार पक्कडीची धार रॉकवेल मापावर सुमारे 60 ते 64 इतकी कठीण असते, आणि अंग त्याहून बरेच मऊ ठेवलेले असते. धारेलगत रंगाची किंचित वेगळी पट्टी दिसली तर ती या कामाची खूण असते. सगळ्याच पक्कडींवर ती दिसेल असे मात्र नाही, कारण पॉलिशमध्ये ती निघून जाते. घरी खात्री करायची असेल, तर जुन्या बारीक कानशीचा कोपरा धारेच्या अगदी कडेला हलकेच फिरवावा. कानस घसरली तर धार कठीण आहे, आणि चावली तर मऊ आहे. ही परीक्षा विकत घेतलेल्या पक्कडीवरच करावी, दुकानातल्या मालावर कधीही नाही.

क्रोमचा मुलामा गंजापासून बचाव करतो, म्हणून दमट जागी किंवा घामट हातांनी काम करणाऱ्याने तो घ्यावा. कोरड्या जागी पॉलिश केलेले डोके किंवा काळा थर आणि वेळोवेळी तेलाचा हात पुरेसा होतो. चकाकीकडे पाहताना मी एकच गोष्ट तपासतो. पक्कड खिडकीसमोर तिरकी धरून तिच्यावर खिडकीचे प्रतिबिंब पाहतो. कड सरळ दिसली तर पृष्ठभाग सपाट घासलेला आहे, आणि ती लाटांसारखी वळली तर घासण्याचे काम घाईत उरकले आहे. एवढी घाई बाहेर दिसत असेल, तर आत सांध्यातही ती झालेली असण्याची शक्यता बरीच असते.

जबडा आणि त्याचे दाते

लांब नाकाच्या पक्कडीत हलके दाबल्यावर आधी टोके टेकायला हवीत आणि जोर वाढवल्यावर मागची फट मिटत जायला हवी. डोक्याचा एक केस टोकांत धरून ओढून पाहावा. तो सुटला तर टोके जुळलेली नाहीत. टोके एकमेकांच्या बरोबर समोर आहेत का, हे पक्कड समोरून डोळ्यांच्या रेषेत धरून पाहावे. दाते कोरलेले असतील तर त्यांचे शेंडे तीक्ष्ण असतात आणि दोन दात्यांमधले अंतर सारखे असते. नुसते दाबून उमटवलेले दाते गोलसर असतात आणि लवकर झिजतात. ज्यांना दागिने, पितळी भाग किंवा मुलामा दिलेले नट धरायचे आहेत, त्यांनी गुळगुळीत जबड्याची पक्कड घ्यावी. दात्यांच्या पक्कडीवर कापड गुंडाळून काम भागवणे हा तात्पुरता उपाय आहे, आणि त्यात वस्तू घसरण्याचा धोका राहतो.

साध्या पक्कडीचे जबडे पाचरीच्या कोनात उघडतात, त्यामुळे जाड वस्तूला त्यांचा स्पर्श एका अरुंद रेषेपुरताच होतो. समांतर जबड्याच्या पक्कडीत ही उणीव राहत नाही, आणि नटाच्या कडा खाल्ल्या जात नाहीत. पाइप धरण्याच्या सरकत्या सांध्याच्या पक्कडीत तर दात्यांची दिशाच महत्त्वाची असते. दाते फिरवण्याच्या दिशेविरुद्ध कललेले असतील, तर मूठ जेवढी ढकलावी तेवढी पकड घट्ट होते आणि हाताने सतत आवळून धरावे लागत नाही. खाचांतून सरकणाऱ्या या रचनेचे अमेरिकेतील एक पेटंट 1934 सालचे आहे. त्यानंतर आलेल्या बटणाच्या रचनेत जबडा पाइपावर ठेवून तिथेच मापाला आणता येतो. तपासताना प्रत्येक खाचेत सांधा पूर्ण बसतो का आणि जोर लावल्यावर तो पुढच्या खाचेत उडी मारतो का, हे लाकडाच्या गोल दांड्यावर करून पाहावे. जबडा निसटला तरी दोन दांड्यांमध्ये बोटे चिरडू नयेत म्हणून आतल्या बाजूला अटकाव असायला हवा. हा अटकाव नसलेली पक्कड मी कितीही चांगली असली तरी घेत नाही.

कुलूपबंद होणाऱ्या, म्हणजे हात सोडला तरी वस्तू घट्ट धरून ठेवणाऱ्या पक्कडीचे श्रेय डेन्मार्कहून अमेरिकेतील नेब्रास्कात गेलेले लोहार विल्यम पीटरसन यांना दिले जाते. त्यांच्या खटक्याच्या रचनेचे पेटंट 1924 मधले आहे. अशा पक्कडीत खटका हलक्या बोटाने सुटतो का आणि जबडा बंद झाल्यावर मागचा स्क्रू आपोआप फिरतो का, एवढे पाहिले तरी पुरे.

मूठ

जोराच्या कामासाठी मुठीची रुंदी महत्त्वाची असते. अमेरिकेतील नायॉश या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या 2004 च्या मार्गदर्शिकेनुसार पक्कड मिटलेली असताना दांड्यांमधली पकड 50 मिलिमीटरपेक्षा कमी नसावी आणि उघडलेली असताना 90 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. त्याहून अरुंद मूठ तळव्यात रुतते, आणि त्याहून रुंद मुठीपर्यंत बोटे पोहोचूनही त्यांना जोर लावता येत नाही. मुठीचे टोक तळव्याच्या मध्यभागी दाबू नये, तर तळव्याबाहेर यावे, कारण तिथे सतत दाब पडला की हाताला मुंग्या येतात. रोज शंभरदा कापण्याचे काम असेल तर उघडणारी स्प्रिंग आवश्यक आहे. ती मऊ असावी, नाही तर दर वेळी तिच्याशीही झगडावे लागते.

मुठीवरील आवरण ओढून, पिळून पाहावे. ते किंचितही सरकले तर तेलकट हातात ते गळून येईल. आणि येथे एक गोष्ट अत्यंत गांभीर्याने सांगणे गरजेचे आहे. साधे रंगीत प्लास्टिकचे आवरण विजेपासून संरक्षण देत नाही. विजेच्या कामासाठी आयईसी 60900 या आंतरराष्ट्रीय मानकाची पक्कडच घ्यावी. तिच्यावर दुहेरी त्रिकोणाचे चिन्ह, 1000 व्होल्टचा उल्लेख आणि उत्पादनाचे वर्ष असते. त्या मानकाप्रमाणे आवरणाची चाचणी 10,000 व्होल्टवर होते. हात घसरून धातूकडे जाऊ नये म्हणून तिच्या मुठीला पुढे उंच कडा असते. काही आवरणांत आत वेगळ्या रंगाचा थर असतो. तो रंग दिसू लागला की आवरण झिजले असे समजून ती पक्कड विजेच्या कामातून काढून टाकावी. त्याचप्रमाणे चिरलेले, वितळलेले किंवा तेलाने फुगलेले आवरण टेपने गुंडाळून वापरू नये. आणि मानकाची पक्कड असली तरी शक्य तिथे आधी वीज बंद करूनच काम करावे.

नावाविषयी थोडेसे

जर्मनीतील वुपर्टाल व सोलिंगेन, स्वीडनमधील एस्किल्स्टुना, जपानमधील सान्जो ही गावे हत्यारांच्या कामासाठी प्रसिद्ध आहेत, आणि तिथल्या काही कारखान्यांनी पिढ्यान्पिढ्या नाव राखले आहे. त्या नावाची किंमत रास्त असते, पण एकाच कारखान्याच्या एकाच मालिकेतल्या दोन पक्कडींतही घासण्याचा फरक असतो. म्हणून शक्य असेल तर त्याच प्रकारच्या तीन-चार पक्कडी मागून घ्याव्यात, त्या एकामागून एक उजेडासमोर धराव्यात आणि सर्वांत चांगली जुळलेली निवडावी. अनेक दुकानदार हे आनंदाने करू देतात, आणि जे करू देत नाहीत त्यांच्याकडे महागडी पक्कड घेण्याची घाई करू नये. घरपोच मागवलेल्या पक्कडीचे वेष्टन जपून ठेवावे. सांधा हलवून पाहणे, उजेड, कागद आणि केस या परीक्षा पहिल्याच दिवशी कराव्यात, कारण त्यांनी पक्कडीवर एकही ओरखडा उमटत नाही. तार आणि कानस यांची पाळी ती पक्कड ठेवून घ्यायची हे ठरल्यानंतरच येऊ द्यावी.